छाटणीचा रविवार आणि सात आकडी भाव

डोळे मिटा बरं जरा. मिटले? आता एक भिंत समोर आणा. लांबलचक, पांढरी, खिडकीपासून थेट मागच्या दारापर्यंत गेलेली. तिच्यावर खिळ्यांच्या चार रांगा ठोका आणि प्रत्येक खिळ्याला वहीच्या पानाएवढी एक पत्र्याची पाटी टांगा. कुठे निळ्यावर पिवळी अक्षरं, कुठे हिरव्यावर पांढरी. झालं? आता खिडकी उघडा. वारा आत आला की पाट्या एकमेकींना लागून किणकिणतात, आणि त्याबरोबर रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास येतो. वास आला ना? मग आपण बरोबर पोचलो. हा पाटीवाल्यांचा कारखाना.

दुकानांच्या पाट्या रंगवणं हा या घरचा तीन पिढ्यांचा धंदा. पण भिंतीवरच्या या पाट्या दुकानांच्या नव्हत्या. ही इंटरनेटवरची नावं होती. त्यांना डोमेन म्हणतात. डोमेन म्हणजे काय, असं ठिपकीने पहिल्यांदा विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले होते, "इंटरनेट म्हणजे एक न संपणारा रस्ता समज. त्या रस्त्यावर एका नावाची पाटी जगात एकालाच मिळते. आधी येईल त्याची. पण कायमची नाही हं! दरवर्षी तिची फी भरायची. नाही भरली, की पाटी उतरली. मग कुणीही उचलावी."

घराचा नियम असा, की नाव विकत घेतलं की ते पत्र्यावर रंगवायचं. रंगवलं नाही ते नाव आपलं नाही. आणि इंटरनेटच्या प्रत्येक नावात जो एक ठिपका असतो, तो घरातल्या सगळ्यात लहान हाताने द्यायचा. गेली सहा वर्षं तो मान एका मुलीचा होता. म्हणून तिचं नाव ठिपकी. पहिला ठिपका तिने चार वर्षांची असताना दिला आणि तो बशीएवढा झाला. ती पाटी आजोबांनी कधी दुरुस्त करू दिली नाही.

सगळ्या नावांची फी वर्षातून एकाच महिन्यात भरायची, म्हणून त्या महिन्यातला पहिला रविवार हा छाटणीचा रविवार. एकेक पाटी खाली यायची. ज्याची असेल त्याने उभं राहून सांगायचं, हे नाव का ठेवायचं? पटलं तर पाटी परत खिळ्यावर. नाही पटलं तर तिच्यावर पांढरा रंग.

त्या रविवारी टेबलावरचे चहाचे कप उचलले गेले, आईने कॉम्प्युटर उघडला, आणि मोठ्या काकांनी बाह्या सरसावल्या. आज ते उगाचच शीळ घालत होते.

"दादा, आज स्वारी फारच खुशीत," आत्या म्हणाली.

"कळेल, कळेल. आधी छाटणी होऊ दे."

पहिली पाटी काकांचीच निघाली. 'चांदणीछत'.

"सहा वर्षं लटकतंय हे खिळ्याला," आत्याने हातातला पांढऱ्या रंगाचा डबा हलवला. "एका माणसाने तरी विचारलं का?"

"अगं, कोपऱ्यावरचा प्लॉट आहे तो! आज नुसतं गवत आहे. उद्या समोरून रस्ता गेला की बघ. काचेच्या छताची घरं बांधणारा एखादा येईल आणि धापा टाकत म्हणेल, साहेब, तेवढं नाव द्या."

"तो धापा टाकत येईपर्यंत तुझे केस पांढरे होतील."

"झालेत!" काकांनी डोक्यावरून हात फिरवला. "म्हणजे आता यायलाच हवा."

सगळे हसले, आणि हसवलं म्हणून पाटी वाचली. काकांचं नेहमीच असं व्हायचं.

आत्याला रिकामं नाव बघवत नसे. रिकामी खोली बघवत नाही तसं. तिने 'शिलाईमशीन-दुरुस्ती' हे नाव घेतलं त्याच आठवड्यात त्यावर पान उभं केलं. सुई का तुटते, धागा का गुंततो, हे सगळं चित्रांसकट. आता बारा कारागीर त्या पानावर आपला पत्ता लावण्याचे तिला दरमहा पैसे देत. "नावाने स्वतःचं पोट स्वतः भरावं," ती म्हणायची. ती पाटी तर तिने खाली काढूच दिली नाही. नुसती फडक्याने पुसली.

ठिपकीच्या बाबाच्या पाट्या वेगळ्याच. चष्मेवाल्या बाई, कुलपं दुरुस्त करणारे दोघे भाऊ, सायकलवाला, ज्यांच्या ज्यांच्या दुकानाची पाटी बाबाने रंगवली, त्यांची नावं त्याने गुपचूप नोंदवून ठेवलेली. ज्याला नाव हवं असेल त्याला तो ते पडत्या किमतीला देऊन टाकायचा.

"याला धंदा म्हणत नाहीत, राखणदारी म्हणतात," काका म्हणाले.

"म्हणू दे. चष्मेवाल्या बाईंना आज नावाचं काही पडलेलं नाही. ज्या दिवशी पडेल, त्या दिवशी कुणा तिऱ्हाइताने त्यांच्या मानेवर बसून दहापट मागू नये. तुझ्यासारख्याने."

"माझ्यासारख्याने? मी पाचपटीच्या वर जात नाही!"

आजोबांची पाटी होती 'गोलमोल'.

"अण्णा, हे कशासाठी?" बाबाने विचारलं. मुलं त्यांना अण्णा म्हणत.

"किती गोल गोल अक्षरं आहेत बघ," आजोबा म्हणाले. "रंगवताना ब्रश उचलावासाच वाटत नाही."

आजोबा नावं डोळ्यांनी घेत. त्यांच्या पाट्या मुकाट्याने परत भिंतीवर जात.

आणि मग खाली आली 'हरवलंय-सापडलंय'. ही पाटी ठिपकीची.

त्याचं असं झालं होतं. हे नाव मूळचं काकांचं. वर्षभर कुणी विचारलं नाही म्हणून गेल्या छाटणीला काका त्यावर पांढरा रंग फिरवणार, तेवढ्यात ठिपकीने डब्यावर हात ठेवला. मनगटापर्यंत पांढरी झाली, पण हटली नाही. कारण त्याच्या आदल्या आठवड्यात आजोबांचा रेघा मारायचा ब्रश बसमध्ये राहिला होता. लांब केसांचा, मुठीला निळा दोरा गुंडाळलेला. आजोबांना तो त्यांच्या उस्तादांनी दिलेला. "जाऊ दे, ब्रशच तो," असं ते म्हणाले खरे, पण तेव्हापासून एक रेघ ते दोनदा मारत. हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ठिपकीच्या आलं होतं.

आईने तिला पान करून दिलं. डावीकडे 'हरवलंय', उजवीकडे 'सापडलंय'. डावीकडची पहिली नोंद आजोबांच्या ब्रशची, चित्रासकट. नंतर आजूबाजूची मुलं येऊन सांगू लागली, ठिपकी लिहू लागली. किल्ल्या, एका पायाचा बूट, पोपट. वर्षभरात एक्केचाळीस वस्तू उजवीकडे गेल्या. पोपटसुद्धा. पण पहिली नोंद काही जागची हलली नाही.

"ठिपके, बोल," आजोबा म्हणाले. "का ठेवायचं हे नाव?"

ती उठणार, तोच काका उठले. "तिने बोलायची गरजच नाही. वहिनी, वाचा ती सकाळची मेल."

ठिपकीच्या आईला काका तिच्या लग्नापासून गमतीने वहिनीच म्हणत. तिने घसा साफ केला. "जिथे आपण नावं नोंदवतो त्या कंपनीकडून आहे. 'हरवलंय-सापडलंय' या नावासाठी एका ग्राहकाने भाव दिला आहे. नाव गुप्त. रक्कम..." ती थांबली. डोळे बारीक करून परत पाहिलं. "सत्तेचाळीस लाख बारा हजार आठशे छत्तीस."

भिंतीवरच्या पाट्या किणकिणल्या.

"किती?" आत्याने विचारलं.

"सत्तेचाळीस लाख," काका एकेक शब्द चघळत म्हणाले, "बारा हजार. आठशे. छत्तीस!"

"वरचे छत्तीस कशाला?" ठिपकीने विचारलं.

"अगं, तीच तर हुशार गिऱ्हाइकाची खूण! गोळाबेरीज सांगतो तो हौशी. छत्तीसपर्यंत सांगतो त्याने हिशेब मांडलेला असतो."

आता मजा बघा. भाऊ-बहिणी एका टेबलाशी बसले की पक्ष कसे पडतात आणि कसे फिरतात.

"पण नाव ठिपकीचं आहे," आत्या म्हणाली. "तू तर ते पुसायला निघाला होतास. ज्याने वाचवलं त्याचं. शिवाय त्यावर रोज काम होतं. चालती खोली कुणी विकतं का?"

"कागदोपत्री नाव माझं आहे."

"कागद बघायचे तर हे टेबल कशाला?"

"ताई, जरा थांब," बाबा हळूच म्हणाला. "एवढ्या पैशांत अक्षरं कापायचं यंत्र येईल. शिडीवर चढून चढून माझ्या कमरेची पार वाट लागली आहे."

"नुसतं यंत्र?" काकांनी हात पसरले. "मागची भिंत पाडून उजेडाची मोठी खोली काढू. आणि ताईला तिच्या पानांसाठी स्वतंत्र ऑफिस. दाराला काच."

आत्या क्षणभर त्या काचेच्या दारातून आत जाऊन आली. "तसं म्हटलं तर," ती म्हणाली, "नावं काय, हजार मिळतात. ठिपके, तुला दुसरं सुरेखसं घेऊन देऊ. हां?"

ठिपकी रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मग आजोबांचा ब्रश कुठे सापडणार?"

बाबाने आपल्या कमरेवरचा हात काढला. "दादा," तो म्हणाला, "मी माझं मत मागे घेतो."

"अरे, आत्ताच तर तू यंत्र..."

"घेतो म्हटलं ना."

"म्हणजे दोन आणि दोन," आई म्हणाली. "मी धरून. मला कुणी विचारलेलं नाही, पण मी धरून."

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी 'हरवलंय-सापडलंय'ची पाटी उचलून उन्हात तिरपी धरली, रंग कुठे उडालाय का पाहिलं, आणि काकांना विचारलं, "तू पहिलं नाव घेतलंस ते का रे?"

काका नेहमीच्या थाटात काहीतरी चटपटीत बोलणार होते. ठिपकीला ते दिसलं, ओठांपर्यंत आलं होतं. पण ते त्यांनी गिळलं.

"मी या ठिपकीएवढा असताना तुमच्याबरोबर शिडी धरायला यायचो, अण्णा," ते म्हणाले. "तुम्ही वर, मी खाली. गावभरच्या लोकांची नावं तुम्ही रंगवलीत. काम झालं की मालक खाली उभा राहून नुसता स्वतःच्या नावाकडे बघत राहायचा. तुमच्याकडे कुणी बघायचं नाही. आपल्या कारखान्याला तर पाटीसुद्धा नव्हती. मला वाटायचं, एक तरी नाव आपल्याकडे असं असावं, की ते मागायला लोकांनी आपल्या दाराशी यावं. पैसा नंतर. आधी यावं तरी." ते हसले. "आणि आज कुणीतरी आलं बघा."

ठिपकी त्यांच्याकडे पाहत राहिली. शीळ घालणारे, बाह्या सरसावणारे मोठे काका एकदम शिडी धरून उभ्या असलेल्या मुलासारखे दिसले तिला. मान वर करून बघणारा मुलगा.

मुलांनो, कुणी आपल्याकडून ओढून घेत असेल तर आपण घट्ट धरतो. पण समोरच्याने एकदा मन उघडं केलं की मुठीतला जोर आपोआप कमी होतो. तुम्हीही अनुभवलं असेल.

"घ्या काका," ती म्हणाली. "द्या त्यांना नाव. ते तुमच्याकडे आलेत."

काकांनी तिला काखेत धरून उचललं आणि टेबलाशी नेऊन बसवलं. "मग आजचा आकडाही भिंतीवर लागणार! आणि तो तूच रंगवायचा. नुसता ठिपका नाही, अख्खी पाटी तुझी."

कोरी पाटी आली. लाल रंगाचा डबा उघडला. आईने आकडा एका कागदावर लिहून दिला. ठिपकीने खडूने वर-खाली दोन रेघा आखल्या, हात टेकवायची काठी घेतली आणि रंगवू लागली. नाक पत्र्याला लागेल इतकी वाकून. गेला महिनाभर शाळेतून आली की बाबा तिच्याकडून हेच काम करून घेत होता. तो मोठं करायचा, दुकानाचं नाव. छोटं ती करायची, खालचा नंबर.

शेवटच्या आकड्याचं शेपूट तिने ओढलं आणि पाटी उचलून धरली.

"वा!" काका म्हणाले. "पण मध्ये मोकळी जागा कशी सोडलीस? सत्तेचाळीसनंतर स्वल्पविराम येतो."

ठिपकीने पाहिलं. पाटीवर लिहिलं होतं, ४७१ २८ ३६.

"अय्या! हाताने सोडली," ती म्हणाली. "बाबाने शिकवलंय तसं. आधी तीन, मग दोन, मग दोन. चुकलं का?"

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. पाटी हातभर लांब धरली, मग वीतभर जवळ घेतली. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी सगळ्यांना वाटलं, ठसका लागला. मग कळलं, ते हसताहेत.

"अरे, पन्नास वर्षं मी हे रंगवतोय," ते कसेबसे म्हणाले. "चारशे एकाहत्तर! पुलापलीकडचे सगळे नंबर चारशे एकाहत्तरने सुरू होतात. हा भाव नाही, लेकरांनो. हा कुणाचा तरी फोन नंबर आहे!"

"छे!" काका म्हणाले. मग पाटीकडे पाहिलं. मग खुर्चीत बसले. "छे हो."

"छत्तीसपर्यंत हिशेब मांडलेला असतो म्हणे," आत्या म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकली.

"फोन लाव," आजोबा म्हणाले. "स्पीकर चालू कर."

ठिपकीने नंबर लावला. पाच-सहा घंट्या झाल्या.

"वस्तू विभाग," पलीकडून एक थकलेला आवाज आला. "छत्री असेल तर रंग सांगा."

"छत्री नाही," ठिपकी म्हणाली.

"कवळी असेल तर वरची की खालची?"

"कवळी पण नाही. मी हरवलंय-सापडलंयमधून बोलते. तुम्ही आमच्या नावाला भाव दिला होता का?"

पलीकडे काहीतरी धडामकन पडलं. बहुधा छत्र्याच. "सापडलात!" तो आवाज ओरडला. "अहो, किती शोधलं तुम्हाला! मी बस कंपनीच्या सापडलेल्या वस्तूंचा कारकून. आमचा जो तो कंडक्टर तुमचं पान बघून माझ्याकडे येतो, तिथे लिहिलंय, तिथे लिहिलंय म्हणतो. पण तुमच्या पानावर ना पत्ता, ना फोन!"

टेबलाभोवती सगळे एकमेकांकडे बघू लागले. खरंच की! पाटीवाल्यांच्या घरात पाटीवर पत्ता लिहायची पद्धतच नव्हती. पाटी दुकानावरच लागते, मग पत्ता कशाला? मुलीने पान केलं तेही तसंच. आणि नाव नोंदवताना घरचा फोन कुणाला दिसू नये याची काळजी राखणदार बाबाने घेतलेली.

"मग मला नावं नोंदवणाऱ्या कंपनीची ती खिडकी सापडली, हे नाव हवंय का म्हणून," कारकून सांगत होता. "निरोप लिहायला जागाच नाही. आकडा टाका म्हणते, आणि अक्षरं घेतच नाही. म्हटलं, आकडा तर आकडा. माझा नंबर टाकला. फोन करतील शहाणे असतील तर."

काकांनी कपाळावर हात मारला आणि इतके मोठ्याने हसले, की भिंतीवरच्या पाट्या वाऱ्याशिवाय किणकिणल्या. "शहाणी एकच निघाली हो घरात!" त्यांनी फोनकडे बघून सांगितलं.

"पण आम्हाला शोधत का होतात?" ठिपकीने विचारलं.

"अगं बाळ, तुझ्या पानावरची पहिलीच नोंद. लांब केसांचा ब्रश, मुठीला निळा दोरा. वर्षभर माझ्या सतरा नंबरच्या खणात पडलाय तो. रोज खण उघडतो आणि म्हणतो, अरे बाबा, तुझी माणसं कुठे राहतात?"

आजोबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. परत काढला.

"त्याचे केस," ते फोनशी वाकून म्हणाले, "वाकले तर नाहीत ना हो?"

"टोक वर करून ठेवलाय, आजोबा. माझे वडील घरं रंगवायचे. मला कळतं."

मग काय! सगळे एकदम बोलायला लागले. आत्याने विचारलं, तुमच्या सगळ्या वस्तूंची यादी ठिपकीच्या पानावर लावली तर बस कंपनी महिन्याला काही देईल का? कारकून म्हणाला, साहेबांना विचारतो, दोनशे चौदा छत्र्या कमी होणार असतील तर ते आनंदाने देतील. बाबाने लगेच कागद ओढला, लोकांचे फोन नंबर उघड्यावर पडता कामा नयेत म्हणाला. आणि काकांनी खुर्ची पुढे घेतली.

"साहेब, एक विचारू? तुमच्या ऑफिसची पाटी किती जुनी आहे?"

"पाटी?" कारकून म्हणाला. "पाटीच नाही. म्हणून तर आमचं ऑफिस कुणाला सापडत नाही."

काका हळूच वळले. त्यांचे डोळे सत्तेचाळीस लाख मिळाल्यासारखे चमकत होते. "अण्णा," ते म्हणाले, "गिऱ्हाईक आलं हो दाराशी."

"त्याच्या पाटीच्या रेघा मी मारणार," आजोबा म्हणाले. "एकदाच."

या गडबडीत ठिपकीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिने काय केलं माहीत आहे? तिने आधी 'हरवलंय-सापडलंय'ची पाटी उचलली, स्टुलावर चढली आणि ती तिच्या खिळ्यावर टांगली. मग कॉम्प्युटरपाशी जाऊन डावीकडची पहिली नोंद उचलली आणि उजवीकडे नेऊन ठेवली. बेचाळीस. मग पानाच्या अगदी तळाशी तिने कारखान्याचा पत्ता लिहिला, त्याखाली फोन नंबर लिहिला, आधी तीन, मग दोन, मग दोन, आणि शेवटी एक ठिपका दिला.

आणि बूट घालायला पळाली. "आजोबा, चला ना! पुलावरून जाणारी बस चुकेल!"